मागील दारचे विटांचे अंगण

वार्षिक अंकासाठी प्रत्येक शिक्षकाने काही तरी लिहून द्यावे, असा संपादक-मंडळाचा आग्रह पडला, तेव्हा मी प्रथम गणितातील काही कूटप्रश्न द्यावयाचे ठरविले होते. परंतु मंडळातील एका विद्यार्थिनीने मला स्पष्टच सांगितले की, "सर, कूटप्रश्न कोणी वाचत नाही." ह्या सत्यवचनापुढे मान तुकवून मी दुसरा विषय शोधू लागलो. तेव्हा ध्यानात आले की, गेल्या काही वर्षांत वर्गाबाहेर मी स्वतःच्या हातांनी तडीस नेलेले असे एकच काम आहे. ते म्हणजे आमच्या घराच्या मागील दारी घातलेले विटांचे अंगण. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट. एवढ्याशा कामाची हकीकत ती काय सांगावयाची, असे कोणी म्हणेल. पण ह्या हकीकतीत माझी फजिती आहे, आणि वर्गात मी बोललेला एक शब्दही आहे. तो शब्द ज्यांनी ऐकला त्यांपैकी काही जण हा अंक वाचतील. तेव्हा तेवढे गाळून बाकीचे लिहिणे बरे दिसणार नाही.

आम्ही राहतो ते नाशिकच्या इंदिरानगरात. मुंबई-आग्रा महामार्गाच्या लगतची ही वस्ती. आज जेथे घरांच्या रांगा आहेत तेथे पूर्वी शेते होती, हे कोणी सांगावे लागत नाही. मागील दारी कुदळीचा पहिला घाव घातला की जमीन स्वतःच सांगते. काळीभोर, चिकण, उन्हाळ्यात तळहात मावेल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात चपलेसकट माणसाला धरून ठेवणारी ती माती. कापसाला व द्राक्षाला ती प्रिय असेल. घरातील म्हाताऱ्या माणसाला ती शत्रूसारखी आहे.

आमच्या घरातील म्हातारे माणूस म्हणजे माझी आई. तिने आयुष्यभर एका मिशन रुग्णालयात परिचारिकेचे काम केले. रात्रपाळ्या करून करून तिला एक सवय जडली, ती अशी की, संध्याकाळचा एक तास तरी उघड्यावर बसावयाचे. मागील दारी मोगऱ्याचा एक वेल व कढीपत्त्याचे झाड आहे. त्यांच्यामध्ये लाकडी खुर्ची टाकून ती तांदूळ निवडी, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या तापाची चौकशी करी, आणि कधी कधी नुसतीच बसे. २०२२ च्या जुलै महिन्यात ती त्याच चिखलात घसरून पडली. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. पण उजव्या गुडघ्याने जो असहकार पुकारला तो पुकारलाच. तेव्हापासून तिच्या हाती काठी आली आणि मागील दार लागले ते लागलेच. ती तक्रार करणारी बाई नव्हे. मात्र संध्याकाळी ती खिडकीशी येऊन उभी राही, हे मी पाहत होतो.

मी एका ठेकेदाराला विचारले. त्याने जागा पाहिली व "सरळ काँक्रीट ओतून टाकू" असे म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला चहा पाजून निरोप दिला. शिवाय मनात अभिमानही होता. मी गणिताचा पदवीधर. क्षेत्रफळ आणि घनफळ शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली. १२० चौरस फुटांत विटा मांडणे ते काय?

विटांची निवड मात्र मी चांगली केली, एवढे श्रेय घेतो. भट्टीवरच्या विटा सगळ्या सारख्या नसतात. भट्टीच्या कडेला राहिलेली वीट कमी भाजते. ती फिकट, पिवळसर दिसते, नखाने ओरखडली तर ओरखडा उठतो, आणि जमिनीत घातली की तिला लोणा लागून तिचा भुगा होतो. अगदी आगीच्या तोंडाशी असलेली वीट वितळल्यासारखी काळी व वेडीवाकडी होते. तिला खंगर म्हणतात. आपल्याला हवी ती मधली, लाल, सारख्या रंगाची. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता नाणे वाजावे तसा आवाज आला पाहिजे. कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर आडवी सोडली तर ती फुटता कामा नये. आणखी एक परीक्षा मी घरी केली. कोरडी वीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, ती ३ किलो भरली. २४ तास पाण्यात बुडवून ठेवून पुन्हा तोलली, ती ३ किलो ५०० ग्रॅम भरली. म्हणजे विटेने स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाइतके पाणी प्यायले. साधारण विटेने पाचव्या हिश्शाहून अधिक पिऊ नये असे मानक आहे. पत्नीने काटा धुऊन देण्याच्या अटीवर हा प्रयोग करू दिला, हेही नमूद करून ठेवतो.

आता फजिती. २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी कामाला लागलो. चार इंच माती खरवडली, तीवर इंचभर वाळू पसरली आणि विटा मांडल्या. मांडणी करावयाची ती सुंदर करावी म्हणून चटईच्या विणीसारखी केली: दोन विटा उभ्या, दोन आडव्या, पुन्हा दोन उभ्या. कागदावर ती मला फार शोभिवंत वाटली होती. पण आमच्या विटा ९ इंच लांब, ४ इंच रुंद व ३ इंच जाड. दोन विटा शेजारी ठेवल्या की ८ इंच होतात, आणि त्यांच्यापुढे आडवी येणारी वीट असते ९ इंचांची. प्रत्येक जोडीमागे एक इंचाची फट राहू लागली. ८ आणि ९ हे समान नाहीत, ही गोष्ट गणिताच्या शिक्षकाला विटांनी शिकवावी लागली. मी फटींत वाळू भरली आणि पुढे चाललो.

येथे थोडे विषयांतर करतो. मोहेंजोदडो व हडप्पा येथील विटांविषयी तुम्ही इतिहासात वाचले आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरांतील पुष्कळशा विटांत जाडी, रुंदी व लांबी ह्यांचे प्रमाण १:२:४ असे असते. म्हणजे दोन विटा शेजारी ठेवल्या की बरोबर एका विटेची लांबी भरते. पुस्तकात हे प्रमाण मी अनेकदा वाचले होते व वर्गात सांगितलेही होते. परंतु त्या कारागिरांनी ते का धरले असावे, हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो ह्या फटींत वाळू कोंबताना.

जूनच्या अखेरीस पाऊस लागला. पहिल्या दोन सरींत वाळू वाहून गेली. मग काळ्या मातीने आपले काम सुरू केले. ह्या मातीचा गुण असा की, तिच्यातील अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व वाळताच आकसतात. त्यामुळे जमीन अक्षरशः श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते. माझ्या विटा कोठे उचलल्या गेल्या, कोठे खचल्या, आणि कडेला अडवावयास काहीच नसल्यामुळे बाहेरच्या रांगा हळूहळू मोगऱ्याच्या दिशेने चालू लागल्या. आईने मात्र माझे मन मोडू नये म्हणून जुलैच्या एका संध्याकाळी दार उघडले व काठी टेकीत बाहेर पाऊल टाकले. तिसऱ्या पावलाला काठीचे टोक त्या इंचभराच्या फटीत गेले. माझी मुलगी शेजारी होती म्हणून तिने आजीला सावरले. आई काही बोलली नाही. आत आली, आणि दार लावून घेतले. मला ती रागावली असती तर बरे वाटले असते.

ह्याच पावसाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, दहावीच्या वर्गात मी पायथागोरसचा सिद्धांत पक्का करून घेत होतो. मागील बाकावरच्या एका विद्यार्थ्याला मी विचारले की, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ६ व ८ असतील तर कर्ण किती? तो उभा राहिला व गप्प राहिला. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा तो गप्प राहिला होता. मी म्हणालो, "तुला पुढे विटाच वाहावयाच्या आहेत असे दिसते." वर्ग हसला. मीही त्या हसण्याला अडविले नाही. तास संपला आणि मी ती गोष्ट विसरलो. शिक्षकाच्या हातून घडणाऱ्या पुष्कळ गोष्टींचे असेच होते. बोलणारा तासाबरोबर विसरतो.

ऑक्टोबरात आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाची भिंत चालू होती. तेथील गवंडी भिंतीवरून आमच्याकडचा तो विटांचा पसारा रोज पाहत असे. एके दिवशी त्याने विचारले, "सर, हे कोणी केले?" मी म्हटले, "मीच." तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही मला ओळखले नाही. आमचा पोरगा तुमच्या वर्गात आहे, दहावीला." त्याने नाव सांगितले. मी भिंतीच्या अलीकडे हातात फावडे घेऊन उभा होतो, तसाच राहिलो. तो पुढे म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात टोचणी मुळीच नव्हती, म्हणूनच मला ते अधिक लागले: "तो घरी सांगत होता, सर म्हणाले विटा वाहाव्या लागतील. मी म्हटले, खरे आहे, वाहाव्या लागतात. मी रोज वाहतो."

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. काही तरी पुटपुटलो असेन. तो म्हणाला, "दिवाळीत शेजारचे काम बंद राहील. दीड दिवस मी येतो. तुम्हांला दाखवून देतो, मग तुम्हीच करा. तुमच्या हाताने करायचे आहे ना?"

त्याप्रमाणे तो नोव्हेंबरातील दिवाळीच्या सुट्टीत आला, आणि त्याच्या मागे दुचाकीवर, मांडीवर दोरीचे भेंडोळे घेऊन, तो मुलगाही आला. "कामाला नाही आणला," तो मला आधीच म्हणाला, "सुट्टी आहे, नुसता दोरी धरील."

प्रथम त्याने माझ्या सगळ्या विटा उचलावयास लावल्या. मग म्हणाला, "माती काढा. फूटभर." १२० चौरस फूट जागा एक फूट खोल खणणे म्हणजे १२० घनफूट, म्हणजे आपल्याकडच्या बांधकामाच्या भाषेत सव्वा ब्रासच्या आत-बाहेर माती. मी व माझ्या मुलीने ती चार दिवसांत काढली. ती एका शेजाऱ्याने आनंदाने बागेसाठी नेली. मी विचारले की, ह्या मातीखालीही काळी मातीच आहे, मग फूटभर काढून उपयोग काय? गवंडी म्हणाला, "खालची राहू द्या. तिला पाणी भेटले नाही तर ती उठणार नाही, आणि थोडे भेटले तर वरचे वजन तिला दाबून धरील. आपण उतार द्यायचा, म्हणजे पाणी थांबणारच नाही." काँक्रीटविषयीही त्याचे मत मी विचारून घेतले. त्याच्या मते ह्या जमिनीवरचे पातळ काँक्रीट एका तुकड्यात असते, म्हणून जमीन हलली की ते तडकते, आणि तडकले की फोडावेच लागते. वाळूवर बसविलेली वीट खचली तर तेवढीच उचलून पुन्हा बसविता येते. मी नंतर वाचले की, हॉलंडमध्ये, जेथील जमीन मऊ व पाणथळ आहे, गावोगावचे रस्ते वाळूवर विटा बसवून केलेले आहेत, आणि रस्ता खचला की त्याच विटा काढून पुन्हा बसवितात. उत्तर हिंदुस्थानातही खेड्यांतील गल्ल्यांत उभ्या विटा घालण्याचा परिपाठ आहे. त्याला तिकडे खडंजा म्हणतात. आपल्या सह्याद्रीच्या मुलखात काळा दगड मुबलक, म्हणून आपल्याकडे फरसबंदी म्हटली की दगडाचीच. जुन्या नाशकातील वाड्यांतही जोते दगडाचे व वीट त्याच्यावर भिंतीत. पायाखाली घालावयाची वीट ही आपल्याकडे थोडी परकीच आहे.

माती काढून झाल्यावर कोपरे आखावयाचे होते. मे महिन्यात मी कुंपणाची भिंत सरळ आहे असे गृहीत धरून तिच्या कडेने आखणी केली होती; गवंड्याने दोन्ही कर्ण मोजून दाखविले तेव्हा त्यांत सात इंचांचा फरक निघाला. ज्या आयताचे कर्ण असमान तो आयत नव्हे, हे मी किती वर्गांना लिहून दिले असेन! गवंड्याने घराच्या भिंतीशी एक खुंटी ठोकली. मुलाने दोरीचे टोक खुंटीला बांधले, भिंतीच्या कडेने सहा फूट मोजून खूण केली, दुसरी दोरी आठ फुटांवर धरली, आणि बाप टेप आडवा धरून दोरी थोडी इकडे, थोडी तिकडे करू लागला. मुलगा टेपावर वाकून पाहत होता. "अजून... अजून थोडे आत... बस. दहा." मग कोणाला उद्देशून नव्हे, स्वतःशीच म्हटल्यासारखे तो बोलला, "सहा, आठ, दहा."

मी खाली पाहिले. त्यानेही पाहिले. तो ते कधीपासून जाणत होता, असे मी पुढे त्याच्या बापाला विचारले. "लहानपणापासून," बाप म्हणाला. "दोरी तोच धरतो. पुस्तकात ते आहे हे आम्हांला कुठे ठाऊक?" आणि खरोखर, वर्गात मी फळ्यावर त्रिकोण काढला होता, अक्षरे घातली होती, वर्ग आणि वर्गमूळ लिहिले होते, दोरीचे नाव काढले नव्हते. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णाविषयीचा जो नियम आहे तो दोरी ताणण्याच्याच भाषेत सांगितलेला आहे. शुल्ब ह्या शब्दाचा अर्थच दोरी. आणि ती सूत्रे कशासाठी, तर विटांच्या यज्ञवेदी अचूक आखाव्यात म्हणून. म्हणजे हा सिद्धांत आपल्या देशात विटा रचणाऱ्यांच्या कामी आलेला. मी मात्र तो विटा वाहण्याला नावे ठेवण्याच्या वेळी उपयोगात आणला.

पुढचे काम भराभर सांगतो. सहा इंच मुरूम, तीन-तीन इंचांच्या दोन थरांत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस मारणे. धुम्मस मारून माझे खांदे आठवडाभर दुखत होते. त्यावर दोन इंच बारीक खडी, पुन्हा धुम्मस. त्यावर इंचभर वाळू. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन टोकांचे पाणी एका पातळीत येते हे पाहावयाचे, आणि मग घराकडून बाहेर ६० फुटांस एक फूट ह्या हिशेबाने उतार सोडावयाचा. १० फुटांत तो दोन इंच होतो. कडेच्या विटा मात्र सिमेंटच्या मालात, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू घेऊन, उभ्या बसविल्या. त्या आधी पाण्यात भिजवून घेतल्या, नाही तर कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते व माल पकड घेत नाही. ह्या काठाला आठवडाभर पाणी मारले. मधल्या विटा गवंड्याने चटईऐवजी साध्या रांगांत घ्यावयास सांगितल्या. एका रांगेतील सांधा पुढच्या रांगेतील विटेच्या मध्यावर यावा, म्हणजे सांध्यापुढे सांधा येत नाही. ह्याला सांधेमोड म्हणतात. १२ फुटांत ९ इंचांच्या बरोबर १६ विटा बसतात, १० फुटांत ४ इंचांच्या ३०; सोळा तिसे चारशे ऐंशी. काठाच्या विटा धरून व फुटतूट धरून मी ५५० आणल्या होत्या, त्या पुरल्या. पहिल्या दोन रांगा गवंड्याने बसविल्या, बाकीच्या अठ्ठावीस मी व मुलीने. वीट ठेवावयाची, लाकडी मोगरीने दोनदा ठोकावयाची, पाणसळ लावून पाहावयाचे. शेवटी कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत लोटावयाची, पाणी शिंपडावयाचे, वाळू खाली बसली की पुन्हा लोटावयाची.

विटांच्या ढिगात एक वीट अशी निघाली की, तिच्या सपाट अंगावर कुत्र्याच्या पिल्लाच्या पायाचा ठसा होता. वीट ओली असताना भट्टीवरचे एखादे पिल्लू तिच्यावरून धावून गेले असेल. मी ती बाजूला टाकीत होतो. आईने खिडकीतून पाहिले व ती दाराजवळ, ठसा वर येईल अशी बसवावयास लावली.

गवंड्याने दीड दिवसाची मजुरी घेतली. त्याहून एक रुपयाही अधिक घेतला नाही, आणि कमीही केला नाही.

सुट्टी संपून वर्ग भरले. मी बोललो होतो ते सर्वांसमक्ष. म्हणून माफीही सर्वांसमक्ष मागावी असे मला वाटले. पहिल्याच तासाला मी उभा राहून म्हणालो की, ऑगस्टमध्ये मी ह्या वर्गात विटा वाहण्याविषयी जे बोललो ते चुकीचे होते, व ज्या विद्यार्थ्याला बोललो त्याची मी क्षमा मागतो. वर्ग अगदी शांत होता. मला हलके वाटले. त्या मुलाने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचा बाप धुम्मस परत न्यावयास आला, तेव्हा मी विचारले. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "सर, तुम्ही चांगल्या मनाने बोललात. पण पोरे विसरली होती. तुम्ही बोललात, तर सगळ्यांना परत आठवले. त्याच्याशी एकट्याशी बोलला असतात तर बरे झाले असते." मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. माफी मागताना मी त्याच्याकडे पाहत होतो, की वर्गाकडे, की स्वतःकडे? मला वाटते, त्याच्याकडे सर्वांत कमी. पुढे मी त्याच्याशी एकट्याशी बोललो; त्याने "ठीक आहे, सर" एवढेच म्हटले. ठीक होते की नव्हते, ते त्यालाच ठाऊक.

आपल्या नाशकाच्या शरणपुराची एक गोष्ट ह्या दिवसांत माझ्या मनात फार घोळत असे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या त्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले राहत. त्यांना लिहिणे-वाचणे व हातचा धंदा अशी दोन्ही शिकविली जात. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७२ साली डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या साथीदारांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडात नाव व तारीख कोरली तीही जेकबनेच. प्रेत शेकडो मैल वाहून किनाऱ्यास आणले, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. वाचता येणारा आणि कोरताही येणारा असा तो माणूस होता. ज्या शहरात असा माणूस शिकला त्याच शहरात मी विटा आणि पुस्तक ह्यांची दोन निराळी ठिकाणे करून बसलो होतो.

२०२४ चा पावसाळा अंगणाने चांगला काढला. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी छत्री घेऊन एकटाच बाहेर गेलो व एकेका विटेवर पाय देऊन पाहिले. एकही डुगडुगली नाही. पाणी काठावरून कढीपत्त्याकडे वाहून जात होते. आई तीन दिवसांनी बाहेर आली. पहिल्या दिवशी दारातच, पिल्लाच्या ठशावर काठी टेकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी खुर्चीपर्यंत. ऑगस्टात विटांवर शेवाळ धरू लागले, तेव्हा दर रविवारी काथ्याच्या ब्रशाने ते घासण्याचे काम माझ्याकडे आले. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी असे अंगण घालण्यापूर्वी ह्या घासण्याचाही हिशेब करावा. दाराजवळ धरावयास एक लोखंडी नळी मी बसवून घेतली आहे.

त्याच जूनमध्ये, दहावीच्या निकालानंतर, तो मुलगा पेढे घेऊन आमच्याकडे आला. गणितात तो उत्तीर्ण झाला होता. गुण किती ते त्याने सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत. आई मागील दारी बसली होती म्हणून तो तिला पेढा द्यावयास तिकडे गेला. मी मागोमाग गेलो. तो अंगणाच्या मध्ये उभा राहून खाली पाहत होता. टाचेने दोन-चार विटा दाबून पाहिल्या. मग काठाजवळच्या एका विटेकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, ही उलटी बसली आहे."

खरेच होते. भट्टीची अक्षरे कोरलेली खोलगट बाजू वर आली होती. बाकीच्या सर्व विटांत ती खाली होती. सात महिने मी ते अंगण रोज पाहत होतो, आणि ते मला दिसले नव्हते.

"ह्यात पाणी साठेल," तो म्हणाला. "डास होतील, आजीला चावतील."

मी आतून एक जाड पाते व मोगरी आणली. रांगेच्या मध्ये बसलेली एकच वीट काढणे अवघड असते. मी पाव तास झटत होतो. तो उभा राहून पाहत होता. शेवटी पेढ्यांचा पुडा खुर्चीच्या हातावर ठेवून तो खाली बसला, माझ्या हातातले पाते घेतले, दोन बाजूंनी सारखे-सारखे हलवून वीट वर काढली, खालची वाळू बोटांनी सपाट केली, आणि वीट उलटून बसविली. मी मोगरीने ठोकली. त्याने तळहात फिरवून पाहिला व म्हणाला, "अजून एक."

मी आणखी एकदा ठोकली. आईने आतून झाडू आणावयास सांगितले. सांध्यांत वाळू लोटावयाची राहिली होती.